किती आवाज ठेवावा

पिकअप चालवणाऱ्याच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात. ओतूरला माझ्या मामेभावाकडे पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला वाटतं, आपण भलत्या वेळी आलो, घरात काहीतरी तणतण चाललेली दिसते. तसं काही नसतं. दादानं फक्त चहात साखर कमी टाक म्हणून सांगितलेलं असतं आणि वहिनींनी साखर कालच संपली एवढंच उत्तर दिलेलं असतं. पण दोघांची पट्टी काळी पाच. मुलांनीही तीच उचलली आहे आणि शाळेत बाई त्यांना हळू बोला म्हणून सांगून थकल्या आहेत.

याचं मूळ दारातच उभं असतं. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, पुढे तिघं दाटीवाटीनं बसतील एवढी केबिन, मागे हौदा. संध्याकाळी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे कॅरेट भरायचे, ताडपत्री आवळायची आणि रात्रीत वाशीचं मार्केट गाठायचं. कधी माळशेज उतरून मुरबाड-कल्याणवरून, तर कधी चाकण-तळेगावकडून खंडाळ्याचा घाट उतरून. मुंबईला जायचं असलं की मी अधूनमधून दादाच्या शेजारी बसतो. त्या प्रवासात गप्पा होत नाहीत, घोषणा होतात. एखादी गोष्ट सांगायची तर दोघांपैकी एकानं इंजिनाच्या वर आवाज काढायचा, दुसऱ्यानं 'काय?' म्हणायचं, मग तीच गोष्ट निम्मी करून पुन्हा सांगायची. चौथ्या-पाचव्या गोष्टीला माणूस कंटाळतो आणि गाणी लावतो. गाणीही इंजिनाच्या वरच लावावी लागतात.

"डिझेल आहे, आवाज करणारच," हे दादाचं यावरचं मत. पाऊस पडला तर भिजणारच, अशा सुरात तो ते सांगतो. माझं शिक्षण यंत्रशास्त्राचं झालं आहे. पोटापाण्याचा उद्योग पुढे वेगळाच निघाला, पण शिकलेलं पुरतं पुसलं जात नाही. म्हणून मला त्या 'करणारच' शब्दाशी नेहमी दोन हात करावेसे वाटतात.

डिझेलची खडखड येते कुठून? पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधीच मिसळलेलं असतं. ठिणगी पडली की ज्योत एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकत जाते. डिझेलमध्ये ठिणगीची भानगडच नाही. नुसती हवा घ्यायची, ती सोळा-अठरा पटींनी दाबायची, दाबल्यामुळे ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडायचा. पण फवारा सुटल्या क्षणी पेट घेत नाही. थेंबांची वाफ व्हायला आणि ती हवेत मिसळायला सेकंदाचा साधारण हजारावा भाग जातो. नोजल तेवढ्यात थांबत नाही, डिझेल सोडतच राहतो. मग जेवढं साचलं तेवढं सगळं एकदम भडकतं, सिलिंडरमधला दाब उसळी घेतो आणि तो दणका पिस्टनमधून ब्लॉकला, ब्लॉकमधून ऑइल चेंबरला आणि टॅपेट कव्हरला बसतो. पत्र्याचे हे मोठे भाग थरथरले की बाहेर जे ऐकू येतं ती खडखड. पहाटे गार इंजिन जास्त खडखडतं ते याच कारणानं. गार लोखंड हवेची ऊब खातं, पेट घ्यायला जास्त उशीर होतो, साचतंही जास्त आणि भडकाही मोठा होतो.

गंमत अशी की रुडॉल्फ डिझेलच्या कागदावर ही खडखड नाही. अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी 'डिझेल सायकल'चा आलेख काढतो आणि त्यात वरची रेघ आडवी असते. म्हणजे इंधन जळत असताना दाब उसळत नाही, आहे तिथेच राहतो. ऑग्सबर्गच्या कारखान्यात १८९३ ते १८९७ अशी चार वर्षं खपून डिझेलनं जे इंजिन उभं केलं, त्यात इंधन दाबाच्या हवेनं फुंकून आत सोडत. ते जळणं बऱ्यापैकी सौम्य होतं. पण त्यासाठी इंजिनाच्या जोडीला कॉम्प्रेसर लागे, आणि असलं धूड गाडीत कोण बसवणार? पुढच्या लोकांनी कॉम्प्रेसर काढला, डिझेललाच पंपानं दाब दिला, इंजिनाचे फेरे वाढवले, आणि आलेखातल्या आडव्या रेघेला शेंडी फुटली. त्या शेंडीचा आवाज आपण ऐकतो. डिझेलचं एक स्वप्न मात्र आमच्या दादापर्यंत नीट पोचलं. वाफेची अवजड यंत्रं फक्त मोठ्या कारखानदारांना परवडतात, लहान कारागिराच्या हातात त्याचं स्वतःचं इंजिन हवं, असं रुडॉल्फ डिझेलला वाटत होतं. कर्जाचे हप्ते फेडून स्वतःच्या नावावर गाडी केलेला ओतूरचा माणूस त्या स्वप्नात चपखल बसतो.

उसळीवरचा खरा इलाज विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी आला. फियाटच्या संशोधकांनी विकसित केलेलं आणि बॉशनं कारखान्यात उतरवलेलं कॉमन रेलचं तंत्र १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या कारमध्ये आलं. त्यात सगळ्या नोजलांना एकाच नळीतून प्रचंड दाबाचं डिझेल मिळतं आणि नोजल कधी उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा हे संगणक ठरवतो. त्यामुळे मुख्य फवाऱ्याच्या आधी चिमूटभर डिझेल सोडता येऊ लागलं. ही चिमूट आधी पेटते, आतली हवा आणखी तापवते, आणि मागून येणारा मोठा फवारा साचायला वेळ न घालवता पेट घेतो. माझ्या मते आवाज कमी करण्याच्या सगळ्या युक्त्यांमध्ये ही सर्वांत देखणी आहे. बाकीच्या सगळ्या युक्त्या आवाज झाल्यानंतर त्याच्या मागे धावतात. ही त्याला जन्मालाच येऊ देत नाही. दादाची गाडी कॉमन रेलची आहे. नोजल झिजले किंवा डिझेलमध्ये घाण आली की चिमटीचं माप चुकतं आणि खडखड परत येते. म्हणून केबिनला चंदेरी शीट चिकटवायला निघालेल्या कुठल्याही माणसाला मी आधी नोजल तपासून घे म्हणून सांगतो. ऐकत कोणी नाही. नोजल दिसत नाहीत, शीट दिसतात.

डिझेलच्या आवाजाला आमच्या भागात कोणी वाईट म्हणत नसे, हेही सांगायला हवं. ओतूरच्या मांडवी नदीच्या काठाला वीज पोचली नव्हती तेव्हा विहिरींवर ऑइल इंजिनं होती. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये खडकीला निघाली आणि तिच्या इंजिनांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी विहिरी उपसल्या. सावकाश फिरणारं एका सिलिंडरचं इंजिन, त्याची फटफट रात्रभर चाले. आजोबा अंथरुणात पडल्या पडल्या सांगत, हे खालच्या मळ्यातलं, ते पलीकडच्यांचं, आणि हे आपलं, पण पाणी ओढत नाहीये, फुटव्हॉल्व्हला कचरा आलाय. त्यांची झोप आवाजानं मोडत नसे, आवाज बदलला की मोडे. दादा त्याच घरात वाढला. इंजिनाचा आवाज म्हणजे पाणी, पाणी म्हणजे पीक, हे त्याच्या कानात लहानपणीच बसलेलं. तो खडखडीला शत्रू मानत नाही याचं मला फारसं नवल वाटत नाही.

तरीही गेल्या उन्हाळ्यात त्यानं स्वतःच विषय काढला. कारण वेगळं होतं. वाशीहून परत आल्यावर दुपारी झोपताना कानात शिट्टी वाजते म्हणाला. टर्बोची शिट्टी असते तशी, फक्त गाडी बंद असताना. डॉक्टरांनी कान तपासले, आवाजापासून लांब राहा म्हणून सांगितलं आणि पैसे घेतले. ज्या माणसाचा धंदाच आवाजात बसून आहे त्यानं आवाजापासून लांब कसं राहायचं, ते काही कागदावर लिहून दिलं नाही.

कारखान्यात काम करणाऱ्यासाठी आपल्याकडे आकडा ठरलेला आहे: आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल, त्याहून जास्त नको. अमेरिकेतली व्यावसायिक आरोग्याची संशोधन संस्था ८५ म्हणते, आणि वर असंही सांगते की पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करा. ८८ असतील तर चारच तास. पण पिकअपची केबिन म्हणजे कारखाना नव्हे, आणि दादा म्हणजे कामगार नव्हे. तो मालक आहे. मालकाच्या कानांची काळजी कुठलंही इन्स्पेक्टरचं पथक घेत नाही.

मी मोबाइलवर आवाज मोजायचं अॅप उतरवून घेतलं. ही अॅपं पोलिसपाटलाच्या पंचनाम्याइतपतच भरवशाची असतात, पण आधी आणि नंतर यातला फरक कळायला पुरतात. आळेफाटा ते ओतूर, काच बंद, चौथा गिअर: आकडा ऐंशीच्या वर खालीवर होत होता. मला तो कमी वाटला, कारण छातीत जे घुमत होतं ते त्यात दिसत नव्हतं. त्यालाही कारण आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठोके पडतात. मिनिटाला २४०० फेरे असतील तर सेकंदाला ८० ठोके. ८० हर्ट्‌झ म्हणजे खर्जाच्याही खालचा प्रदेश. आवाज मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून त्यांना सूट देतात, आणि ८० हर्ट्‌झच्या आसपास ही सूट वीस डेसिबलांच्याही पुढे जाते. कानासाठी हा हिशेब ठीक असेल, पण रात्रभर तो घुमारा अंगावर घेणाऱ्या माणसाच्या थकव्याला अशी सूट मिळत नाही. शिवाय मोठा खर्ज आपल्या वरच्या सुरांना झाकून टाकतो. बोलण्यातली व्यंजनं वरच्या सुरांत असतात. म्हणूनच केबिनमध्ये 'काय?' इतक्या वेळा म्हणावं लागतं. आवाज पोचतो, अक्षरं पोचत नाहीत.

आळेफाट्याच्या मिस्त्रींकडे गाडी नेली. मी बरोबर एका पिशवीत पुण्याहून आणलेली डॅम्पिंग शीट घेऊन गेलो होतो. त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि ती बाजूला ठेवली. आधी त्यांनी हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनाच्या ब्लॉकला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. डोळे मिटलेले. टोक तसंच नोजलांवर, मग अल्टरनेटरवर, मग पाण्याच्या पंपावर. दर ठिकाणी दोन-चार श्वास थांबायचं. मधेच दादाला बोटानं खूण, रेस दे. पुन्हा खूण, सोड. गॅरेजमधली पोरं त्या वेळात पाना खाली ठेवत नव्हती, हातातच धरून उभी होती. शेवटी अल्टरनेटरवर टोक ठेवून त्यांनी मला बोलावलं आणि मूठ माझ्या कानाला लावली. बाहेर ज्या आवाजाचा मागमूस नव्हता तो आत स्पष्ट होता, वाळू दळल्यागत. "हे बेअरिंग महिनाभर जाईल," ते म्हणाले. "तुमचा कागद चिकटवला असता तर ह्याचा पत्ता लागला नसता."

मग त्यांनी गाडी ढाळावर नेली, न्यूट्रल केली आणि इंजिन नुसतं चालू ठेवून घरंगळू दिली. जो आवाज तरीही राहिला तो टायरचा, शाफ्टच्या क्रॉसचा, वाऱ्याचा. जो गेला तो इंजिनाचा. एवढं ओळखायला कसलं यंत्र नको, शीट नको.

अंधार पडल्यावर मिस्त्रींनी बॉनेटखाली पेटता बल्ब ठेवला, बॉनेट आपटलं आणि मला आत वाकून पेडलांच्या मागे बघायला सांगितलं. इंजिन आणि पाय यांच्यामध्ये जो उभा पत्रा असतो, त्यात मला पाच-सहा ठिकाणी उजेड दिसला. वायरिंगच्या जुडग्याभोवतीचं रबर फाटलेलं, क्लचच्या जागी फट, जुना कुठलातरी बोल्ट काढून टाकल्याचं भोक, आणि गिअरच्या दांड्याचं रबरी बूट तर उभं चिरलेलं, त्यातून खालचा रस्ताच दिसत होता. पुस्तकात हे गणित शिकलो होतो: पत्र्याच्या फक्त एक टक्का जागेत भोकं असतील तर उरलेला पत्रा कितीही जाड करा, वीस डेसिबलच्या पलीकडे आवाज अडत नाही. परीक्षेत त्याचे मार्क मिळाले होते, पण ते डोळ्यांनी बघायला आळेफाट्याला यावं लागलं. भोकं बुजवायला जे लागलं ते सगळं रबर मिळून एका ट्रिपच्या चहा-वडापावच्या खर्चात बसलं.

त्यानंतर फाउंडेशन. इंजिन ज्या रबरांवर बसलेलं असतं त्याला गॅरेजमध्ये कोणी माउंटिंग म्हणत नाही, फाउंडेशनच म्हणतात. एका बाजूचं रबर दगडागत कडक झालेलं, दुसऱ्याला आडवी भेग. म्हणजे इंजिनाचा ठोका रबरात जिरण्याऐवजी सरळ चासीत आणि चासीतून केबिनच्या पत्र्यात. असा आवाज हवेतून येतच नाही, लोखंडातून येतो आणि केबिनचं छत स्पीकरच्या पडद्याचं काम करतं. नवी रबरं बसवल्यावर गाडी उभ्या जागी चालू केली. आरशात मागच्या पानटपरीची पाटी आधी नुसती फिकट लाल पट्टी दिसायची. आता तिच्यावरची अक्षरं वाचता येऊ लागली. दादानं काही न बोलता आरशाला हात लावून पाहिला.

आणि मग कुठे माझी पिशवी उघडली. ही शीट म्हणजे ब्युटाइल रबराचा चिकट थर आणि त्यावर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. लोकांची समजूत अशी की ती आवाज अडवते. तिचं काम अडवणं नाहीच. पत्रा थरथरू लागला की रबराचा थर वरच्या फॉइलच्या आणि खालच्या पत्र्याच्या मधे ताणला-दाबला जातो आणि थरथरीची थोडी उष्णता करून टाकतो. म्हणून सगळा दरवाजा मढवायची गरज नसते. पत्र्याच्या मधोमध, जिथे तो जास्त हलतो तिथे, पंचवीस-तीस टक्के जागा झाकली तरी काम होतं. मिस्त्रींनी दरवाज्यावर बोटाचं पेर मारलं, टण. शीट दाबून बसवली, रोलर फिरवला, पुन्हा पेर मारलं, ठप. छताला लावली, पायाखाली लावली. इंजिनाकडच्या बाजूला मात्र सायलेन्सरच्या पाइपाजवळ काहीही चिकटवू दिलं नाही. तिथला पत्रा कसा तापतो ते त्यांना ठाऊक होतं.

आवाज खरोखर अडवायचा तर वजन लागतं. पत्र्याचं वजन दुप्पट केलं तर साधारण सहा डेसिबल जास्त अडतात, आणि तेही वरच्या सुरांत. खर्जाला अडवायला भिंतच बांधावी लागेल. महागड्या गाड्यांत दारांचा तो जो जड, आत्मविश्वासाचा 'धप्' असतो, त्यात असलं पुष्कळ वजन लपवलेलं असतं. मी दादाला म्हटलं, वीसेक किलो वजन घालायची तयारी असेल तर पायाखालच्या आणि समोरच्या पत्र्यावर जाड रबरी थर देता येईल. त्यानं लगेच हिशेब केला. "वीस किलो म्हणजे एक कॅरेट." म्हणजे दर फेरीला एक कॅरेट टोमॅटो कमी. बाजार पडलेला असताना एका कॅरेटचं काय एवढं, हे मला बोलायचं होतं. पण भाव चढले की त्याच कॅरेटवर मुलांची फी निघते, हे मला माहीत होतं. (हिशेब अर्थात पासिंगच्या वजनाचा. प्रत्यक्षात हौद्यात किती भरलं जातं ते पांडुरंगालाच ठाऊक.) जाड थर राहिला.

वहिनींनी त्यांच्या परीनं एक भर घातली. सीटच्या मागे, केबिनच्या मागच्या पत्र्याला टेकून, जुनी गोधडी घडी करून उभी लावली. मिस्त्री हसले, पण मी नाही हसलो. हार्वर्डला १८९५ मध्ये वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला फॉग म्युझियमचं व्याख्यानगृह सुधारायला सांगितलं होतं. तिथे बोललेला शब्द इतका वेळ घुमायचा की पुढच्या शब्दावर जाऊन आदळायचा. त्यानं शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक मांडत आवाज विरायला लागणारा वेळ मोजला, आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवल्या. सभागृहांचं सगळं ध्वनिशास्त्र त्या गाद्यांतून निघालं. वहिनींची गोधडी त्याच कुळातली. ती इंजिनाला रोखत नाही, पण केबिनच्या आत या पत्र्यावरून त्या पत्र्यावर उड्या मारणारे वरचे सूर पिऊन टाकते. तिचा दोष एवढाच की पावसाळ्यात ती ओलही पिते. म्हणून पायाखाली गोधडी, पोतं, नमदा असलं काही नको. ओल धरून पत्रा सडतो. आषाढात माळशेजमधून आलेल्या गाडीत चिखलाच्या पायांनी माणसं चढतात, हे फेल्ट विकणाऱ्यांच्या जाहिरातीत नसतं.

एवढं करून आकडा किती उतरला? चार-पाच डेसिबल. शास्त्राच्या हिशेबानं ध्वनीची ऊर्जा निम्म्याहून खाली आली. कानाच्या हिशेबानं 'जरा बरं' वाटलं. कानाला निम्मं वाटायला दहा डेसिबल उतरावे लागतात. मला हा आकडा थोडा म्हणावा की पुष्कळ, अजून ठरवता आलेलं नाही.

कारण सगळ्यात मोठं भोक तसंच उघडं आहे. दादाच्या उजव्या कानाशी असलेली खिडकी. गाडीला एसी नाही. चैत्र-वैशाखात वाशीच्या दमट हवेत काच बंद करून बसायला सांगणारा माणूस कधी इंजिनाच्या मागे बसलेला नसतो. काच खाली गेली की रबर, शीट, गोधडी सगळ्यांनी मिळून कमावलेलं वाऱ्यावर जातं, आणि वर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीची खडखडही आत येते. केबिनची शांतता एसीपासून सुरू होते, हे गाड्या बनवणाऱ्यांना केव्हाच माहीत आहे. सरकारनं १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा केला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण तो नियम साडेतीन टनांच्या वरच्या मालवाहू गाड्यांना आहे. पिकअप त्याच्या खाली येते. दोन्ही गाड्या एकाच घाटातून, एकाच रात्री, एकाच मार्केटला जातात. त्यातल्या जास्त वजनाच्या गाडीतल्या माणसाला गारवा मिळणार आणि त्याबरोबर आपसूक शांतताही.

पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनसंशोधनाची संस्था १९६६ पासून आहे. गाड्यांचा आवाज, कंप आणि खडबडीतपणा यांचा अभ्यास हा आता स्वतंत्र धंदा झाला आहे. पुण्यातली पोरं त्याला नुसतं 'एनव्हीएच' म्हणतात आणि त्याच्यावर नोकऱ्या मिळवतात. दार लावल्याचा आवाज कसा असावा यावर मीटिंगा होतात. त्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. मात्र त्या कौशल्याची एक बाजू रस्त्यावर दिसते. बंद काचेच्या, गार, मढवलेल्या कारमधल्या माणसाला मागच्या पिकअपचा हॉर्न ऐकू येत नाही. मग पिकअपवाला मोठा हॉर्न बसवतो. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये गाड्यांच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' पुसायला लावलं. पाटी गेली, गरज राहिली. एकानं आपल्या केबिनमधून बाहेर ढकललेला आवाज दुसऱ्याच्या उघड्या खिडकीतून आत शिरतो.

या सगळ्यात मला जे सर्वांत जास्त शिकण्यासारखं वाटलं ते दादानं काय नाकारलं ते. इंजिनाकडच्या उभ्या पत्र्याचा एक कोपरा, त्याच्या डाव्या पायाजवळचा, त्यानं मोकळा ठेवायला लावला. मिस्त्रींनीही हो म्हटलं. तिथून त्याला टर्बो कधी भरतो ते कळतं, घाटात गिअर कधी टाकायचा ते कळतं, पंख्याचा सूर चढला की पाणी तापतंय हे काट्याच्या आधी कळतं. माळशेजमध्ये धुकं उतरलं की पुढचं दिसत नाही तेव्हा काच पूर्ण खाली करून तो चालवतो आणि वळणापलीकडच्या एसटीचा अंदाज कानानं घेतो. "आवाज गेला तर गाडीला काय होतंय ते मला कोण सांगणार?" असं तो म्हणाला, तेव्हा मला आजोबांचा फुटव्हॉल्व्ह आठवला. नको ते कापायचं आणि हवं ते ठेवायचं, एवढंच असतं तर सोपं होतं. हवं आणि नको एकाच पत्र्यातून येतं, आणि कुठला सूर कामाचा आहे हे त्या सीटवर वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाशिवाय कोणाला सांगता येत नाही. टेकडीवरच्या मायक्रोफोनला नाही आणि माझ्या मोबाइललाही नाही.

इंजिनाचा आवाज खाली बसल्यावर आणखी एक झालं. इतके दिवस त्याच्याखाली दबलेले आवाज वर आले. विजेवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये हीच तक्रार असते म्हणतात. इंजिन नसल्यामुळे डॅशबोर्डची करकर ऐकू येते. दादाच्या गाडीत सीटखालचा जॅक खुळखुळत होता, तो फडक्यात गुंडाळला. कागदपत्रांच्या कप्प्याचं झाकण टकटकत होतं, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला. काचेजवळ टांगलेल्या घंटीचा आवाज दादाला पहिल्यांदाच ऐकू आला आणि तिला हात लावायला वहिनींनी साफ नकार दिला. आता राहिल्या फाळक्याच्या साखळ्या. रिकाम्या गाडीत परत येताना त्या हौद्याच्या पत्र्यावर आपटत राहतात, आणि हा आवाज दादाला इंजिनाहून जास्त छळतो म्हणे, कारण त्यातून काहीच कळत नाही. त्यांच्यावर ठिबकच्या जुन्या नळीचे तुकडे चढवायचं ठरलं आहे. १६ मिलिमीटरची नळी साखळीवर जात नाही, २० ची शोधतोय.